प्रिंटर बदलला तरी बिघाड तोच: राळेगाव तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचं प्रकरण

राळेगाव तालुक्यातल्या एका मोठ्या गावात एक ताई दाखले काढून देण्याचं केंद्र चालवतात. यवतमाळ जिल्ह्यात जून महिना कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पोरांचे प्रवेश, पीक कर्जाची कागदं आणि पेरणी, सगळं एकदमच येतं. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, यासाठी सकाळपासून केंद्राच्या ओट्यावर माणसं बसलेली असतात. त्यातली काही कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, मजुरी पाडून आलेली असतात. २०२५ च्या जूनमध्ये या केंद्रातला प्रिंटर रोज अडत होता. दाखला मंजूर झालेला, स्क्रीनवर उघडलेला, आणि कागद काही बाहेर येत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण हेच दुखणं मला गावोगाव दिसतं आणि बहुतेक ठिकाणी त्यावर एकच उपाय होतो: प्रिंटर बदलायचा. इथेही तो बदलून झाला होता, आणि बिघाड जागच्या जागी होता.

आधी काय काय करून झालं होतं

ताईंचा जुना लेझर प्रिंटर अडायला लागला तेव्हा आधी कार्ट्रिज रिफिल केली. मग ड्रम बदलला. मग यूएसबी केबल नवी आणली. तरी अडतोच म्हणून प्रिंटर यवतमाळला दुरुस्तीला पाठवला. तिथे तो सुरळीत चालला, त्यांनी रोलर साफ करून परत दिला. केंद्रात लावल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिल्यासारखा अडला. शेवटी ताईंनी बचत गटातून पैसे उचलून दुसऱ्या कंपनीचा नवा प्रिंटर घेतला. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

"भाऊ, प्रिंटर नवा कोरा हाये. मंग काहून अडून राहिला?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

मी विचारलं, "ताई, जुना होता तेव्हाही असाच अडायचा का, की याचं काही वेगळं आहे?"

"अस्साच. लाइन गेली का अडलाच समजा. सकाळी उघडलं का ऑफलाइन. अन् कधी कधी तं कॉम्प्युटरमंदी प्रिंटरच दिसत नाही, जसा काही लावलाच नाही."

या उत्तरात अर्धं निदान झालं. दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन प्रिंटर, दोन केबली, आणि बिघाडाची चाल एकच. दोन्ही वेळा न बदललेल्या वस्तू दोनच होत्या: तो कॉम्प्युटर आणि त्या खोलीतली वीज. प्रिंटर दिसेनासा होणं हीसुद्धा मोठी खूण आहे. कागद अडकला, टोनर संपला, तर प्रिंटर तसं सांगतो आणि यादीत दिसत राहतो. यादीच रिकामी होते तेव्हा विंडोजची छपाईची सेवा बंद पडलेली असते.

ही सेवा म्हणजे प्रिंट स्पूलर. आपण प्रिंट मारतो तेव्हा कागद थेट प्रिंटरकडे जात नाही. स्पूलर आधी ते काम डिस्कवर उतरवून घेतो, रांगेत लावतो आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे प्रिंटरची भाषा जाणणाऱ्या प्रोग्रामच्या, मदतीनं प्रिंटरला थोडं थोडं देतो. प्रिंटरची यादी, रांग, डिफॉल्ट प्रिंटर, सगळं त्याच्याच हातात असतं. तो बसला तर दाराशी दहा प्रिंटर ठेवले तरी उपयोग नाही.

प्रिंटरला निर्दोष ठरवणं

तरीही अंदाजावर चालायचं नाही म्हणून आधी प्रिंटर तपासला. केबल काढली आणि प्रिंटरवरचं बटण दाबून धरून त्याचं स्वतःचं चाचणी पान काढलं. ते स्वच्छ आलं. म्हणजे ड्रम, फ्यूजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग), रोलर सगळं ठीक. मग तीच केबल माझ्या लॅपटॉपला लावून ताईंच्याच पेनड्राइव्हमधला एक दाखला छापला, मग लांबलचक पानांची एक फाइल छापली. काहीही अडलं नाही. या दोन चाचण्यांना पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. कार्ट्रिज, ड्रम, केबल, कशावरही खर्च करण्याआधी या व्हायला हव्या होत्या, आणि यवतमाळच्या दुरुस्तीवाल्यांकडे प्रिंटर चालला तेव्हाच कोणीतरी ताईंना सांगायला हवं होतं की आता कॉम्प्युटर दाखवा.

एक शंका वेगळी काढावी लागली. २०२५ च्या जानेवारीअखेर आलेल्या विंडोजच्या एका अपडेटनंतर काही यूएसबी प्रिंटर आपोआप अगम्य अक्षरांचे कागद बाहेर टाकू लागले होते. तो दोष विंडोजचा होता आणि मार्चमध्ये आलेल्या दुरुस्तीनं तो गेला. ताईंकडे अपडेट वेळेवर झालेले होते आणि असा कचरा कधीच छापला गेला नव्हता, म्हणून तो मुद्दा तिथेच मिटला. मात्र ज्यांचा प्रिंटर मध्येच अगम्य अक्षरं छापतो, त्यांनी अपडेट हिस्टरी जरूर बघावी.

नोंदी काय सांगत होत्या

कॉम्प्युटर जुना, चार जीबी रॅमचा. मूळचा विंडोज ७ चा, पुढे त्यावरच विंडोज १० चढवलेला. नवं विंडोज न टाकता जुन्यावरच चढवलं की जुने ड्रायव्हरही सोबत वर येतात. या प्रकरणाचं मूळ तिथेच निघालं.

प्रिंटरची यादी उघडली तर नव्या प्रिंटरचं नाव तीनदा होतं: एकदा नुसतं, एकदा कॉपी १, एकदा कॉपी २. तिघांचे पोर्ट, म्हणजे विंडोजनं नोंदवलेल्या जोडणीच्या जागा, वेगळे. हे असं का होतं? प्रिंटर दिसेना म्हणून ताईंचा भाचा केबल काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावायचा. विंडोज त्याला नवा प्रिंटर समजून नवा पोर्ट आणि नवी प्रत तयार करतो, आणि जुनी प्रत कायमची ऑफलाइन होऊन यादीत राहते. त्यात "डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू दे" ही सोय चालू होती. तिच्यामुळे शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. म्हणजे भाच्यानं एकदा चुकून मेलेल्या प्रतीवर काम पाठवलं की पुढची कामंही तिकडेच. सकाळच्या ऑफलाइनचा एक भाग एवढा.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. हे विंडोजमध्येच असतं, शोधपट्टीत नाव टाकलं की सापडतं, आणि तरीही दुरुस्तीला येणारी फार थोडी माणसं ते उघडतात याचं मला वाईट वाटतं. कॉम्प्युटर स्वतःच्या दुखण्याची रोजनिशी लिहून ठेवतो आणि आपण ती न वाचता फॉरमॅट मारतो.

सिस्टम विभागात ७०३१ क्रमांकाच्या नोंदी होत्या: प्रिंट स्पूलर सेवा अनपेक्षितपणे बंद पडली. त्यांच्या थोड्या आधी, बऱ्याच ठिकाणी, ६००८ आणि ४१ या क्रमांकांच्या नोंदी. त्यांचा अर्थ, कॉम्प्युटर रीतसर बंद न होता अचानक गेला. वेळा ताईंना वाचून दाखवल्या तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं: "हे तं वादळ आलतं त्या दिवशीचं. लाइन सारखी जाये-ये करत होती." मृगाच्या तोंडावरचे वादळवारे आणि स्पूलरच्या पडण्याच्या वेळा एकमेकांशी जुळत होत्या.

आता खरी नोंद. ॲप्लिकेशन विभागात क्रमांक १००० च्या ओळी होत्या. त्यात बंद पडलेल्या प्रोग्रामचं नाव असतं, इथे ते स्पूलरचं होतं, आणि त्याखाली "फॉल्टिंग मॉड्यूल" म्हणून ज्या फाइलमुळे तो पडला तिचं नाव असतं. ती फाइल जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची होती. जुना प्रिंटर खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेला, यादीतूनही काढून टाकलेला, आणि त्याची विंडोज ७ च्या काळातली फाइल अजून दर वेळी स्पूलरसोबत उठत होती. मागच्या महिन्यांच्या नोंदींमध्येही तेच नाव. दोन्ही प्रिंटरांना पाडणारी फाइल एकच होती.

यादीतून प्रिंटर काढला की त्याचा ड्रायव्हर जातो असा सार्वत्रिक समज आहे. तो जात नाही. प्रिंटर म्हणजे यादीतलं एक नाव. ड्रायव्हर, त्याचं पॅकेज आणि पोर्टवर लक्ष ठेवणारे त्याचे तुकडे मागे राहतात, आणि स्पूलर सुरू होताना त्यातले काही उचलतोच.

तिसरी गोष्ट स्पूलरच्या फोल्डरमध्ये होती. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. तिथे एसपीएल आणि एसएचडी अशा जोड्यांनी फाइली पडून होत्या. पहिलीत छपाईचा मजकूर असतो, दुसरीत ते काम कुठल्या प्रिंटरचं, कोणी पाठवलं हा तपशील. काम पूर्ण झालं की या फाइली आपोआप पुसल्या जातात. इथे काही कित्येक आठवड्यांच्या जुन्या होत्या, वीज गेली त्या क्षणी अर्धवट लिहिलेल्या.

सगळं जोडून चित्र असं झालं. वीज जाते, कॉम्प्युटर झटक्यात बंद होतो, छपाईचं काम अर्धवट फाइल होऊन राहतं. वीज आल्यावर स्पूलर उठतो आणि रांगेतलं उरलेलं काम पुन्हा हाती घेतो. जुन्या ड्रायव्हरची फाइल त्यावर अडखळते आणि स्पूलरला सोबत घेऊन पडते. विंडोज त्याला उठवतो. तो पुन्हा पडतो, पुन्हा उठवला जातो. विंडोजच्या मूळ सेटिंगप्रमाणे पहिल्या दोन पडण्यांना सेवा परत सुरू केली जाते, त्यानंतर काहीही केलं जात नाही. म्हणून ताईंना आधी प्रिंटर "थोडा थांबून चालतो" असं वाटायचं आणि मग तो यादीतूनच नाहीसा व्हायचा.

बंद करून चालू केलं तरी बरं का होत नव्हतं

ताई रोज संध्याकाळी कॉम्प्युटर नीट शटडाउन करत होत्या. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूचा अप टाइम बघितला तर तो बऱ्याच दिवसांचा दिसत होता. मधल्या काळात वीज टिकली होती आणि ताईंच्या मते कॉम्प्युटर रोज रात्री बंद होता. दोन्ही खरं होतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. यूएसबीचे ड्रायव्हरही त्या जुन्याच स्थितीतून उठतात. रीस्टार्ट केलं तरच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ज्यांना कोणी सांगितलेलं नाही त्यांच्या डोक्यात शटडाउन हाच मोठा उपाय आणि रीस्टार्ट किरकोळ, हे अगदी साहजिक आहे. सोबत यूएसबी हबला वीज वाचवण्यासाठी झोपवायची परवानगीही दिलेली होती. सकाळच्या ऑफलाइनचा उरलेला भाग हा.

दुरुस्ती

भाचा म्हणत होता, "फॉरमॅट मारून टाका ना दादा, एका दमात मिटते." मिटलं असतं, काही दिवस. पण या केंद्राच्या कॉम्प्युटरवर बोटाचे ठसे घेणारं मशीन चालवणारी आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, पोर्टलसाठीची ब्राउझरची मांडणी, एवढं सगळं बसवलेलं होतं. ऐन जूनमध्ये ते उखडून परत लावायचं म्हणजे ओट्यावरच्या माणसांना घरी पाठवायचं. आणि वीज जाण्याचा प्रश्न फॉरमॅटनं सुटत नाही. म्हणून रीस्टोर पॉइंट तयार करून हातानं दुरुस्ती सुरू केली.

आधी केबल काढली. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून "नेट स्टॉप स्पूलर" दिलं आणि प्रिंटर्स फोल्डरमधल्या फाइली पुसल्या. फोल्डर तसाच ठेवायचा, आतलं तेवढं काढायचं. हे ताईंना विचारून केलं, कारण त्या फाइलींमध्ये लोकांचे दाखले आणि आधारच्या प्रती असतात. त्या अशा पडून राहणं कोणाच्याच हिताचं नाही.

मग "नेट स्टार्ट स्पूलर" देऊन यादीतल्या तिन्ही प्रती काढल्या आणि प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर्सचा टॅब उघडला. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर तिथे होताच. काढायला गेलो तर विंडोजनं ड्रायव्हर वापरात असल्याचं सांगून नकार दिला. अशा वेळी पुष्कळ जण सोडून देतात. रांग रिकामी आणि केबल निघालेली असताना स्पूलर पुन्हा बंद-चालू केला आणि दुसरं काहीही न उघडता लगेच काढायला घेतला, तेव्हा निघाला. इथे दोन पर्याय येतात, फक्त ड्रायव्हर किंवा ड्रायव्हर आणि पॅकेज. दुसराच निवडायचा, नाहीतर विंडोज तोच ड्रायव्हर साठ्यातून परत उचलू शकतो. नंतर रीस्टार्ट.

विंडोजच्या स्वतःच्या फाइलींनाही या झटक्यांचा मार बसलेला असण्याची शक्यता होती. आधी डिस्क तपासणी लावली, मग विंडोजच्या फाइलींचा साठा दुरुस्त करणाऱ्या डीआयएसएमचा आदेश दिला. त्याला नेट लागतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो बराच रेंगाळला. त्यानंतर विंडोजच्या फाइली तपासणारा "एसएफसी स्कॅननाउ". बिघडलेल्या फाइली सापडल्या आणि दुरुस्त झाल्या असा निरोप आला. सी ड्राइव्ह जवळपास भरलेला होता, डाउनलोड्समध्ये वर्षानुवर्षांचे स्कॅन साठले होते. स्पूलरला काम उतरवायला जागा लागते, म्हणून तेही ताईंसोबत बसून साफ केलं.

नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून विंडोज १० चा घेतला. केबल मागच्या एकाच खाचेत लावली आणि खाचेवर लाल चिकटपट्टी डकवली. डिफॉल्ट प्रिंटर विंडोजकडून काढून हातानं ठरवला. फास्ट स्टार्टअप बंद, पॉवर प्लॅनमधलं यूएसबीला झोपवणारं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबची वीज बंद करण्याची परवानगी बंद. सकाळी सुरू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो. तो देण्यासारखा आहे.

इन्व्हर्टर

कॉम्प्युटर घरगुती इन्व्हर्टरवर होता, तरी वीज गेली की बंद व्हायचा. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते साध्या मोडवर होतं. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंख्या-दिव्याला चालतो, कॉम्प्युटरला नाही. बटण यूपीएस मोडवर केलं. त्यात एक तोटा आहे: व्होल्टेज थोडं पडलं तरी तो बॅटरीवर जातो, त्यामुळे बॅटरीवर ताण येतो आणि पाणी वेळच्या वेळी बघावं लागतं. लेझर प्रिंटर मात्र इन्व्हर्टरवर घेतला नाही. त्याचा फ्यूजर तापताना एकदम फार वीज ओढतो, घरगुती इन्व्हर्टरला ते झेपत नाही.

मग खरी परीक्षा घेतली. मोठी फाइल छापायला लावली आणि मधोमध मेन स्विच खाली केला. प्रिंटर बंद पडला, कागद फ्यूजरखाली अर्धा. कॉम्प्युटर चालूच राहिला. स्विच वर केला, झाकण उघडून अडकलेला कागद हलक्या हातानं काढला, आणि रांगेतलं काम आपलं आपण पुढे निघालं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नवी ७०३१ नव्हती. ताईंनी लगेच ओट्यावर बसलेल्या एका आजोबांचा सातबारा हाती घेतला.

निघण्याआधी प्रिंट सर्व्हिसची ऑपरेशनल नोंद चालू केली. ती मुळात बंद असते. चालू केली की छापलेल्या प्रत्येक कामाची ३०७ क्रमांकाची नोंद पानांच्या संख्येसह राहते. पुढे काही झालं तर शोधायला सोपं जातं, आणि ताईंना कागदांचा हिशेबही मिळतो.

जुलैत त्यांचा एकदा फोन आला, प्रिंटर पुन्हा ऑफलाइन. फोनवरच खाच बघायला सांगितली. ठशांचं मशीन लावताना कोणीतरी प्रिंटरची केबल काढून पुढे लावली होती. ती लाल पट्टीवाल्या खाचेत परत गेली आणि काम सुरू झालं. आणखी एक तक्रार निघाली, काही पीडीएफमध्ये मराठी अक्षरांच्या वेलांट्या छापताना सरकायच्या. स्क्रीनवर बरोबर आणि कागदावर चूक, म्हणजे ड्रायव्हर फॉन्ट हाताळताना चुकतो. ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या खिडकीत ॲडव्हान्स्डमध्ये "इमेज म्हणून छापा" निवडलं की पान चित्र म्हणून जातं आणि वेलांट्या जागेवर राहतात. छपाई थोडी सावकाश होते.

स्पूलर त्यानंतर पडलेला नाही. माळ्यावरचा जुना प्रिंटरही माझ्या लॅपटॉपवर लावून बघितला, तो ठणठणीत आहे. त्याच्यासाठी विंडोज १० चा ड्रायव्हर मिळाला तर जूनच्या गर्दीत दुसरा प्रिंटर म्हणून चालेल. तोवर तो या कॉम्प्युटरला लावू नका असं सांगून ठेवलं आहे.

कॉम्प्युटरचा प्रश्न उरतो. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि या जुन्या मशीनमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण दाखल्यांचं काम करणाऱ्या मशीनला तेवढ्यावर ठेवणं मला पटत नाही. कापूस विकल्यावर घरातून थोडी मदत घेऊन ताई दुसरं मशीन घेणार आहेत. त्यावर विंडोज ११ कोरं टाकायचं, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची नाही, प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीकडूनच घ्यायचा, आणि ठशांचं मशीन व सहीचं टोकन चालल्याची खात्री झाल्यावरच जुना कॉम्प्युटर काढायचा, असं आमचं ठरलं आहे. हे सगळं मे महिन्याच्या आत व्हायला हवं.